मागे कोण गं?

ही गोष्ट आमच्याच घरातली आहे. ऐकीव नाही. कुणाच्या मावशीच्या शेजारणीला आलेला अनुभव नाही. मी तिथे होते, माझ्या सासूबाई तिथे होत्या, आणि माझी लेकही तिथेच होती. खोटं वाटलं तर वाटू दे. लेक झोपली आहे, ती उठेपर्यंत जेवढं लिहून होईल तेवढं लिहिते.

आणि हो, रात्र नव्हती.

टळटळीत दुपार होती. स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडी होती, बाहेर लख्ख ऊन होतं.

म्हणूनच जास्त भीती वाटते. अंधारात काही ऐकू आलं की माणूस अंधाराला दोष देऊन मोकळा होतो.

आमचं घर गावाच्या टोकाला आहे. मागे मोठं अंगण, त्यापुढे गवताचा पट्टा, थोडी फळझाडं, आणि कडेला पत्र्याची शेड. त्या शेडमध्ये बाबांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, छोटा ट्रॅक्टर. मोठ्या ट्रॅक्टरशेजारी उभा केला तर त्याचं पोर वाटेल एवढाच. बाबा त्याला 'बुटक्या' म्हणायचे. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, मात्र त्याला 'माझी सवत' म्हणायच्या.

"झाली का सवतीची आंघोळ?" बाबा ट्रॅक्टर धुऊन आत आले की आई विचारायच्या.

"झाली. आता तेल लावायचं राहिलंय."

"माझ्या डोक्याला कधी लावलंत का हो तेल?"

"तुझे सांधे कुठे कुरकुरतात अजून!"

खरंच जीव होता त्यांचा त्या यंत्रावर. माती भुसभुशीत करायचा रोटावेटर, छोटी ट्रॉली, मागे जोडायचं गवत कापायचं यंत्र, सगळं भिंतीला ओळीने लावलेलं. काम झालं की पात्यांखालचं ओलं गवत खरवडून काढायचं, सांध्यासांध्यांत ग्रीस भरायचं, मगच स्वतःचे हात धुवायचे.

आणि त्यांचा एक नियम होता.

चावी फिरवायच्या आधी ते घराकडे तोंड करून हाक मारायचे.

"मागे कोऽऽण गं?"

आईंनी आतून उत्तर द्यायचं, "कोणी नाही!"

ते उत्तर आल्याशिवाय चावी फिरायची नाही. ट्रॅक्टर मागे घेताना कुणी मध्ये नको, एवढाच त्याचा अर्थ. पण वर्षानुवर्षं तेच. कणीक मळता मळता, फोनवर बोलता बोलता, अगदी भांडण चालू असलं तरी आईंच्या तोंडून ते उत्तर आपोआप निघायचं. शिंक यावी तसं.

बाबा गेले तेही त्या ट्रॅक्टरवरच.

गवत कापत होते. झाडाखाली सावलीत थांबले असतील जरा. बसल्या जागी हृदय बंद पडलं.

या ट्रॅक्टरच्या सीटखाली एक बटण असतं. मागचं यंत्र फिरत असताना सीटवरून माणूस उठला की इंजिन आपोआप बंद पडतं. सीटवर माणूस नसेल तर सुरूही होत नाही; बसलेला असेल तर चालू राहतं. अपघात होऊ नये म्हणून तशी सोय.

बाबा बसलेले होते.

म्हणून इंजिन चालू राहिलं.

आई आत भाजी निवडत होत्या. आवाज येतोय, म्हणजे काम चाललंय. चहा टाकला, तरी आवाज येतोय. चहा गार झाला... तरी येतोच आहे.

"जिवंत असल्याचा आवाज होता गं तो माझ्यासाठी," आई नंतर मला म्हणाल्या होत्या. "मी कशाला बघायला जाते?"

ट्रॅक्टर एकाच जागी उभा होता आणि मागचं यंत्र फिरत राहिलं होतं. त्याच्याखालचं गवत मुळासकट गेलं. खाटेएवढी मोठी, उघड्या मातीची जागा पडली. नंतर पाऊस झाला, सगळीकडे गवत माजलं. त्या जागेवर गवताचं एक पातं उगवलं नाही.

त्या दिवशी घर माणसांनी भरून गेलं. बाबांचे एक जुने सोबती आले. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून बोलतात मोठ्याने. दारातूनच त्यांनी कुणाला तरी विचारलं, "मागे कोण त्यांच्या?"

आणि आत बसलेल्या आई, डोळे कोरडे, नजर कुठेच नाही... आई मोठ्याने म्हणाल्या,

"कोणी नाही."



मी समोर होते. त्यांचा मुलगा शेजारी होता. माझ्या मांडीवर त्यांची काही महिन्यांची नात होती.

लोक म्हणाले, दुःखाने भान हरपलंय. तसं नव्हतं. सवयीने निघालं होतं. पण आईंच्या मनातून ते वाक्य गेलं नाही. रात्री-अपरात्री नाही, भर दिवसा पोळ्या लाटताना मध्येच थांबायच्या.

"त्यांनी ऐकलं असेल का गं? जाताना कानावर काय पडलं असेल? तर मागे कोणी नाही. एवढा संसार केला त्या माणसाने, आणि मी सांगितलं, कोणी नाही."

"आई, त्यांना माहीत होतं सगळं."

"माहीत असणं वेगळं. विचारल्यावर सांगणं वेगळं."



वर्ष उलटून गेलं. ट्रॅक्टर शेडमध्ये ताडपत्रीखाली उभा. अंगणात गवत कमरेपर्यंत. लेक चालायला लागली होती, आणि त्या गवतात साप-किरडू निघेल या धास्तीने मी तिला दाराबाहेर सोडत नव्हते. शेवटी नवरा म्हणाला, "बुटक्याला काढतो बाहेर."

 आईंनी नाही म्हटलं नाही.

नवऱ्याने सुट्टीचा सगळा दिवस घालवला. एअर फिल्टरमध्ये उंदराने चिंध्यांचं घर केलं होतं, ते काढलं. टाकीतलं जुनं डिझेल उपसलं. तेल बदललं, बॅटरी चार्ज केली, पात्यांना धार लावली. तरी चावी फिरवली की नुसतं टक्... आणि गप्प.

मेकॅनिकला बोलावलं. तो सीट उचलून बघून हसला.

"बटण गेलंय साहेब. ट्रॅक्टरला वाटतंय सीटवर माणूसच नाही."

"मी बसलोय की!"

"तुम्हाला माणसात धरत नाहीये तो." मग म्हणाला, "नवीन बटण यायला वेळ लागेल. तोवर दोन वायरी जोडून देतो. मग सीटवर कुणी असो नसो, इंजिन चालूच राहणार. फक्त उतरताना आठवणीने बंद करा."

वायरी जोडल्या. पहिल्या फटक्यात सुरू झाला.

तो आवाज आला, आणि आईंच्या हातातलं पातेलं खाली पडलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवरा गवत कापायला उतरला. आई स्वयंपाकघरात खाली बसून मटार सोलत होत्या. मी ओट्याशी. लेक बाहेरच्या खोलीत चटईवर, डबे आणि झाकणं घेऊन. झाकणांचा खडखडाट चालू होता, म्हणून मी निवांत होते.

बाहेर इंजिनाचा आवाज लांब जात होता, जवळ येत होता. एका ठिकाणी थांबला. मागे घ्यायला थांबला असावा.

तेवढ्यात...

"मागे कोऽऽण गं?"

"कोणी नाही!" आई म्हणाल्या. मान वर न करता. सवयीने.

आणि मग त्यांचा हात थांबला.

शेंग अर्धी सोललेली. एक दाणा घरंगळत माझ्या पायापाशी आला.

आम्ही एकमेकींकडे बघितलं.

माझा नवरा हाक मारत नाही. त्याने कधीच मारलेली नाही. आणि इंजिन चालू असताना शेडपलीकडून मारलेली हाक इतकी स्पष्ट ऐकू येत नाही. ही हाक तर... अगदी खिडकीबाहेरून आल्यासारखी होती.

मग लक्षात आलं.

झाकणांचा खडखडाट थांबला होता.

कधी थांबला होता, मला माहीत नाही.

"मागे कोऽऽण गं?"

पुन्हा.

बाबांनी आयुष्यात कधी दोनदा विचारलं नव्हतं. उत्तर मिळाल्यावर कशाला विचारतील?

मी बाहेरच्या खोलीत डोकावले. चटईवर डबे होते. लेक नव्हती. मागचं दार ढकलून उघडलेलं होतं.

मी धावले. पण माझ्याआधी आई उठल्या. ज्यांना जमिनीवरून उठायला माझा हात लागतो, त्या आई. खिडकीचे गज धरून त्या जिवाच्या आकांताने ओरडल्या...

"आहे! मागे आहे! अहो, थांबा!"

इंजिन बंद पडलं.

गचका नाही, धडपड नाही. कुणी उठून उभं राहावं इतक्या सहज, एका क्षणात बंद.

मी अंगणात पोचले तेव्हा ट्रॅक्टर मागे येता येता थांबलेला होता. यंत्राची पाती शेवटचे वेढे घेत होती. आणि त्याच्या मागे, हात लांब केला तर लागेल इतक्या अंतरावर, उंच गवतात, माझी लेक उभी होती. गवत तिच्या डोक्याच्या वर. वरून बघणाऱ्याला ती दिसलीच नसती.

मी तिला उचललं. छातीशी धरलं. ती रडत नव्हती. घाबरलेली नव्हती.

माझ्या खांद्यावरून ती झाडाकडे बघत होती. त्या उघड्या मातीकडे.

आणि हात हलवत होती.

टाटा करताना हलवते तसा.

नवरा सीटवरच बसून होता. पांढराफटक.

"मी बंद नाही केला," तो म्हणाला. "ऐक ना, मी काहीच नाही केलं. मला दिसलीच नाही ती. आपोआप बंद झाला."

"हाक कुणी मारली?"

"कसली हाक?"

हाक त्याने ऐकलीच नव्हती. खिडकीतून आई ओरडल्या, तेवढंच ऐकलं होतं. बऱ्याच वेळाने त्याने मला हळूच विचारलं,

"आई मला 'अहो, थांबा' का म्हणाली?"



संध्याकाळी मेकॅनिक आला. टाकीत डिझेल होतं. जोडलेल्या वायरी जशाच्या तशा होत्या. चावी फिरवली, लगेच सुरू झाला. तो उतरून बाजूला उभा राहिला, सीट रिकामी, इंजिन आपलं चालूच.

"बंद पडायचं कारणच नाही," तो डोकं खाजवत म्हणाला. "हे बटण नीट असताना कुणी सीटवरून उठलं असतं, तर पडला असता तसा बंद."

आई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. मग आत गेल्या.

मी मागोमाग गेले. त्या अर्धे राहिलेले मटार पुढे ओढून बसल्या होत्या. सोलत मात्र नव्हत्या.

"उठले ते," आई म्हणाल्या.

"आई..."

"बसूनच होते गं तिथे. त्या दिवसापासून. मी कोणी नाही म्हणाले, मग उठून कुणाकडे यायचं त्यांनी? आज खरं सांगितलं तेव्हा उठले." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "उठले आणि गेले."

"मग चांगलंच झालं ना आई. सुटले."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग इतक्या हळू म्हणाल्या की मला वाकावं लागलं.

"मला माहीत असतं ना ते तिथे आहेत... तर जाऊन बसले असते गं रोज जवळ."

त्या दिवशी त्या रडल्या. बाबा गेले तेव्हा आलं नव्हतं ते सगळं रडू. लेक त्यांच्या मांडीवर चढली आणि त्यांच्या ओल्या गालाला एकेक मटार लावून बघत बसली. मला हसावं की रडावं कळेना.

आता सीटचं बटण नवीन बसवलं आहे. नवरा चावी फिरवण्याआधी घरात डोकावून विचारतो, "मागे कोणी आहे का?" त्याचे शब्द हे एवढेच. मी लेकीला कडेवर घेऊन खिडकीत उभी राहते आणि सांगते, "सगळ्या इथे आहोत." 'कोणी नाही' हे शब्द आमच्या घरात आता कुणी उच्चारत नाही. बाबांची ती हाकही त्यानंतर कुणी बोलून दाखवलेली नाही. ठरवून नाही, पण धजावत नाही कुणी.

झाडाखालच्या त्या जागेवर गवत आलं आहे. कोवळं, पोपटी. नवरा तेवढा तुकडा सोडून कापतो.

इथेच संपवणार होते.

पण काल दुपारी आई कणीक मळत होत्या. लेक टेबलाखाली तिची लाकडी गाडी मागे मागे ओढत होती. ती अजून नीट बोलत नाही. मम्मा, दूदू, टाटा, एवढंच. गाडी भिंतीपाशी थांबवली, मान वळवली, आणि हेल काढून...

"मागे कोऽऽण गं?"



हे वाक्य तिने कुठे ऐकलं? ती काही महिन्यांची असताना बाबा गेले. आणि ऐकलं असलंच, तर ते त्या दुपारी. गवतात उभी असताना.

आईंचे हात परातीत थांबले. त्यांनी टेबलाखाली बघितलं नाही. खिडकीतून बाहेर, झाडाकडे बघितलं.

"आहोत हो," त्या म्हणाल्या. "सगळे आहोत."

आणि पुन्हा कणीक मळू लागल्या.