एक टकोरा

जुनी डिझेल पिकअप घ्यायची असेल तर सकाळी लवकर जावं, आणि येतोय असं आधी कळवू नये. हा माझ्या नवऱ्याचा, खामपूनचा, पहिला नियम. पोचल्यावर बोलणी सुरू व्हायच्या आत तळहात बॉनेटवर ठेवायचा. बॉनेट गार पाहिजे. कोमट लागलं तर समजायचं, विकणाऱ्यानं इंजिन आधीच तापवून ठेवलंय आणि थंड असताना ते कण्हत असणार.

त्या दिवशी मी तेवढ्याच कामाला गेले होते. दिराला, बुनथामला, कलिंगडं बाजारात न्यायला गाडी हवी होती. खामपूनची विद्या माझ्या हातात उतरली आहे, असा त्याचा समज. विद्या कसली! मी शाळेतली बाई. पण अठ्ठावीस वर्षं सुट्टीच्या दिवशी नवऱ्याच्या गॅरेजमध्ये स्टिअरिंगमागे मीच बसायचे, आणि खामपून बॉनेटखाली डोकं घालून उभा. इंजिनाच्या आवाजात हाक ऐकू येत नाही, म्हणून आमच्या खुणा ठरलेल्या होत्या. पत्र्यावर दोन टकोरे म्हणजे चालू कर. एक टकोरा म्हणजे थांबव.

इंजिनाचं पोट तो एका लांब स्क्रू-ड्रायव्हरनं ऐकायचा. टोक लोखंडावर, मूठ कानाला. मूठ तडकली होती, तिला मीच लाल चिकटपट्टी गुंडाळून दिली होती. तो स्क्रू-ड्रायव्हर सदैव त्याच्या कमरेला खोचलेला असे.

तीन वर्षांपूर्वी, उसाच्याच हंगामात, एका मळ्यातला पंप दुरुस्त करून तो दिवेलागणीला मोटरसायकलवरून परत येत होता. कुणीतरी त्याला मागून उडवलं आणि थांबलं नाही. मोटरसायकल सोळाव्या किलोमीटरच्या दगडापाशी सापडली. तो सतराव्यापाशी. एवढ्या लांब तो कसा गेला, हे चौकीवर मला कुणी सांगितलं नाही. मीही दुसऱ्यांदा विचारलं नाही. स्क्रू-ड्रायव्हर कुठेच मिळाला नाही. त्याला उडवणारी गाडीही नाही.

असो. कालासिन शहराकडे जाणाऱ्या रस्त्याला प्रासोंग शेठचा तंबू आहे. जुन्या गाड्यांच्या आवाराला आमच्याकडे तंबूच म्हणतात. वर ताडपत्री, खाली गाड्यांची रांग. आम्ही पोचलो तेव्हा सात वाजले असतील. आदल्या दिवशी तोडणीसाठी उसाचे फड पेटवले होते. सूर्य तांबडा आणि मलूल होता, आणि जळल्या पाचटाची काळी राख अजिबात आवाज न करता गाड्यांवर पडत होती. हवेला जळक्या साखरेचा वास.

प्रासोंग शेठ जाडजूड, हसरा माणूस. आम्हाला पाहून हात जोडत पुढे आला.

"या बाई, या भाऊ! काही खाल्लंत का? गरम चिकट भात आहे, भाजलेली कोंबडी आहे. पोटात काही नसताना गाडी घेऊ नये, महाग पडते."

"आणि खाऊन घेतली तर?" बुनथामनं विचारलं.

"तर मला महाग पडते!"

तो एकेक गाडी दाखवू लागला. पहिली एका डॉक्टरीणबाईंची, फक्त दवाखाना ते घर चालवलेली. दुसरीही डॉक्टरीणबाईंचीच.

"शेठ, जिल्ह्यात एवढ्या डॉक्टरणी आहेत," बुनथाम म्हणाला, "तर आमच्या दवाखान्यात एकही का भेटत नाही हो? सगळ्या गाड्याच चालवत बसतात काय?"

शेठ पोट हलवून हसला. मीही हसले असेन. पण माझं लक्ष आवाराच्या टोकाला गेलं होतं. तिथे ताडपत्रीबाहेर एक करडी पिकअप एकटीच उभी होती. तिच्या बंपरसमोर वाळू भरलेला डबा, आणि डब्यात एक उदबत्ती जळत होती.

एकच.

आमच्याकडे देवाला तीन लावतात. गाडीला सांभाळणारी जी देवी, मे यानांग, तिला नऊ. एकच उदबत्ती लावायची ती मेलेल्या माणसासाठी. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. वाळूत जुन्या काड्यांची खुंटं दाटीनं उभी होती. शंभराहून जास्त असतील. पण तिनांचा किंवा नवांचा झुबका कुठेच नव्हता, म्हणजे प्रत्येक वेळी एकच लावलेली.

"ती कशी आहे?" मी विचारलं.

"ती... ती तशी विकायची नाही बाई. म्हणजे विकायची आहे. पडून असते. उभ्या उभ्या खराब होते."

"कुणाची?"

"घरचीच. बायको चालवायची."

"त्याही डॉक्टर का?" बुनथाम म्हणाला. शेठ या वेळी हसला नाही.

मी जवळ जाऊन तळहात बॉनेटवर ठेवला. राखेखाली पत्रा गार होता. उजवीकडून हात फिरवत डावीकडे नेला आणि थबकले. डाव्या टोकाला एक जागा कोमट होती. पंजाएवढी. इंजिनाची ऊब पसरते, तिला कडा नसतात. हिला कडा होत्या. माणसाच्या अंगाची असते तेवढीच ऊब. मी हात तिथे ठेवला तर बोटं बरोबर बोटांच्या जागी बसली.

"बुनथाम, इथे हात लाव."

त्यानं लावला. "गार आहे की वहिनी. एकदम झकास."

मी सवयीनं तपासत गेले. ऑइलची पट्टी ओढून पाहिली, स्वच्छ. तेलाचं झाकण हुंगलं, जळका वास नाही. मीटर फार पळालेलं नव्हतं. मग मडगार्डचे बोल्ट पाहिले. उजवीकडच्या बोल्टांवरचा रंग शाबूत. डावीकडच्यांचा खरवडलेला, म्हणजे त्यांना पाना लागला होता. डावं मडगार्ड नवं होतं, दिवा नवा होता. पण चाकावरचं आतलं काळं प्लॅस्टिक जुनंच ठेवलं होतं. लोक तिथे चुकतात, खामपून म्हणायचा. दिसतं ते बदलतात.

मी गुडघ्यावर बसले आणि त्या प्लॅस्टिकच्या मागे हात घातला. चिखल, वाळकी पानं. मग काहीतरी लांब आणि कठीण, खाचेत आडवं अडकलेलं. ओढलं तसं सुटून हातात आलं.

चिखल अंगठ्यानं पुसला. खालून लाल पट्टी निघाली.

किती वेळ बसून होते कोण जाणे. राख पडत होती. मी तो स्क्रू-ड्रायव्हर नेसलेल्या सारोंगच्या कमरेच्या घडीत सरकवला आणि उठले. इतक्या शांतपणे मी कधी उठले नसेन.

"नोंदणीचं पुस्तक दाखवाल?"

शेठनं आणून दिलं. आत एकच नाव होतं. प्रासोंग. सहा वर्षं.

"चालवत तुम्हीच होतात."

"कधीमधी. तीन वर्षांत हातही लावलेला नाही. खरं सांगतो."

"का?"

"...पाठ दुखते."

"आम्ही घेतो," मी म्हणाले. बुनथाम माझ्याकडे बघत राहिला. अजून भावही विचारला नव्हता. "पण मला थंड इंजिन ऐकायचं आहे. तुम्ही आत बसा. गाडी देताना जुन्या मालकानंच शेवटची चालू करून द्यावी."

"माझा माणूस येईल आता, तो—"

"तुम्हीच, शेठ."

"बसा की," बुनथाम म्हणाला, "तुमचीच तर गाडी. चावते काय?"

शेठनं कपाळ पुसलं. गिऱ्हाइकासमोर नाही म्हणता येईना. दार उघडून तो आत बसला, पण अगदी कडेला, कुणाच्या तरी शेजारी बसावं तसा.

मी बॉनेट उघडून दांडीवर टेकवलं आणि बाजूला जाऊन त्याला खुणा समजावल्या. आवाजात तुम्हाला ऐकू येणार नाही. दोन टकोरे, चालू. एक टकोरा, थांबव. लक्षात राहील?

त्यानं मान हलवली. त्याचा चेहरा राखेच्याच रंगाचा झाला होता.

नळापाशी एक ओलं पोतं पडलं होतं, ते मी उचलून हाताशी ठेवलं. यालाही कारण आहे. जुनं डिझेल इंजिन कधी कधी बिथरतं. स्वतःचंच तेल पिऊन पळत सुटतं. किल्ली काढली तरी थांबत नाही. तेव्हा एकच उपाय, हवा ओढणाऱ्या नळीचं तोंड ओल्या पोत्यानं दाबून इंजिनाचा श्वास कोंडायचा. हे खामपूननं मला लग्नाच्या पहिल्या वर्षी शिकवलं होतं.

मग मी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर ठेवलं आणि मूठ कानाला लावली. बंद इंजिनात काही ऐकू येत नाही. येऊ नये.

आतून दोन टकोरे आले.

मी दिले नव्हते. माझे दोन्ही हात गुंतलेले होते.

शेठनं किल्ली फिरवली. इंजिन पहिल्याच फटक्याला लागलं, मऊ, एकसारखं. खामपून खूश झाला असता. घटकाभर मी ऐकत राहिले. मग आवाज चढू लागला.

"रेस कशाला देता शेठ?" बुनथाम ओरडला.

"मी नाही देत! पाय वर आहे माझा... बघा!"

आवाज चढतच होता. मागून पांढरा धूर येऊ लागला. शेठनं खिडकीतून हात बाहेर काढला, बोटात किल्ली होती.

"बाई, किल्ली काढली! थांबत का नाही हे?"

मी पोतं उचललं. खिडकीशी गेले. दुसऱ्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर वर धरला, लाल मूठ त्याला दिसेल असा.

"हा तुमच्या मडगार्डमध्ये होता," मी म्हणाले. "माझ्या नवऱ्याचा."

त्यानं मुठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दाराची कडी तो ओढत होता, पण दार उघडत नव्हतं.

"अंधार पडत होता... दिसला नाही मला... बाई, शपथेवर सांगतो..."

"तो सतराव्या दगडापाशी कसा गेला?"

"पोतं टाका... आधी पोतं टाका..."

"कसा गेला?"

"बॉनेटवर पडला होता... काचेतून बघत होता माझ्याकडे. मी घाबरलो... पळवली गाडी..." तो रडत होता. "हातानं पत्र्यावर ठोकत होता... जोरात नाही... एकेकदा. थांबून थांबून... एकेकदा..."

एक टकोरा. थांबव.

पोतं माझ्या हातात होतं. नळीचं तोंड तिथून दोन पावलांवर. मी वर्गात चाळीस मुलांसमोर शिकवलं आहे की जीव वाचवण्याहून मोठं पुण्य नाही. दोन पावलं. पोत्यातलं पाणी माझ्या चपलेवर ठिबकत होतं, एवढंच मला आठवतं.

इंजिन किंचाळू लागलं. ते गुदमरून बंद पडावं म्हणून असेल, शेठनं गिअर टाकून क्लच सोडला. गाडी बंद पडली नाही. उसळली. बॉनेट आपोआप खाली आदळलं, उदबत्तीचा डबा उडाला, आणि ती फाटकातून रस्त्यावर गेली. धुरात आणि राखेत तिचा आवाज बराच वेळ ऐकू येत राहिला. मग एकदम तुटला.

गाडी चार किलोमीटरवर सापडली. सतराव्या दगडापाशी, कडेला नीट लावल्यासारखी. कुठे ओरखडा नाही. शेठ स्टिअरिंगवर डोकं टेकून होता. हृदय बंद पडलं, असं डॉक्टरांनी लिहिलं.

परतताना बुनथाम समोर बघतच म्हणाला, "वहिनी, पोतं ओलं होतं ना?"

"होतं."

त्यानं पुन्हा कधी विचारलं नाही. कलिंगडांसाठी गाडी त्यानं दुसरीकडून घेतली, मला न नेता.

शंभर दिवसांचे विधी झाल्यावर शेठच्या बायकोचा निरोप आला. तिला यातलं काही माहीत नव्हतं. एवढंच कळलं होतं की गाडी मी पसंत केली होती. मिळेल त्या भावात घेऊन जा, म्हणाली, अंगणात नको वाटते.

मी सकाळी गेले. रीतीप्रमाणे मे यानांगसाठी नऊ उदबत्त्या नेल्या होत्या. नऊही एकाच ज्योतीवर पेटवल्या आणि बंपरसमोर रोवल्या. वारा नव्हता. बघता बघता आठ विझल्या. एक जळत राहिली.

मी बॉनेटच्या डाव्या टोकाला हात ठेवला. गार. निवांत, पहाटेच्या दगडासारखं गार. तीन वर्षांनी माझ्या छातीतलं काहीतरी खाली बसलं. म्हटलं, गेला. सुटला.

मग सहज हात उजवीकडे नेला. चालवणारा बसतो त्या बाजूला.

तिथे एक जागा कोमट होती. पंजाएवढी. पण हा पंजा जाड होता, बोटं आखूड. माझी बोटं त्यात बसेनात.

हात काढायच्या आत पत्र्याला आतून धक्का लागला. हलका. एक टकोरा.

थोडं थांबून आणखी एक.

त्या सकाळी खुणा मीच त्याला समजावल्या होत्या. त्यानं चांगल्या लक्षात ठेवल्या होत्या. मी पिशवीतून स्क्रू-ड्रायव्हर काढला, टोक पत्र्यावर ठेवलं, लाल मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. खाली, खूप खोल, काहीतरी किंचाळत पळत होतं, आणि त्यावर तो टकोरा. एकेकदा. थांबून थांबून.

शेठची बायको जवळ येऊन उभी राहिली होती. किल्ली तिच्या हातात होती.

"कसं आहे इंजिन, बाई?"

"चालू आहे," मी म्हणाले, आणि स्क्रू-ड्रायव्हर पिशवीत ठेवला. "राहू दे तसंच."