उजवीकडची खाट

आमच्या बोर्डिंगात स्वतःची खाट कुणी आवरत नाही. आपल्या उजवीकडच्याची आवरायची आणि रांगेतल्या शेवटच्यानं पहिल्याची. साथीच्या वर्षी तापानं फणफणलेल्या प्रत्येक पोराकडे रोज सकाळी कुणीतरी बघावं, म्हणून पहिल्या फादरांनी हा नियम घातला. साथ गेली, नियम राहिला. शेजारची खाट आवरल्याशिवाय जिना उतरायचा नाही. मी तिथंच वाढलो. मार खाल्ला, ओ की ठो न कळणाऱ्या लॅटिन प्रार्थना घोकल्या, आणि तरीही बायको गेल्यावर पोराला तिथंच नेऊन टाकलं. दगडी भिंती, मेणबत्त्यांचा वास, शिस्त. वाटलं, पोर मार्गी लागेल.

सुट्टीसाठी त्याला आणायला गेलो, तेव्हा बाकीची मुलं कधीच घरी गेली होती. फादर दारातच उभे होते.

"तो खाली यायलाच तयार नाही," ते माझी नजर चुकवत म्हणाले. "आम्ही हात टेकले. आता तुम्हीच बघा."

वर लांबलचक हॉलमध्ये लोखंडी खाटांची रांग होती. सगळ्या गाद्या गुंडाळलेल्या, फक्त दोन पसरलेल्या. एक माझ्या पोराची. तिच्या उजवीकडच्या खाटेवर वाकून तो चादर ताणत होता. गाल बसलेले, बोटांची सालं निघालेली. त्यानं चादरीचे कोपरे दुमडून गादीखाली खोचले, सरळ उभा राहिला, आणि गादी मधोमध हळूच दबली.

"बघा," तो म्हणाला. "परत निजला."

मी इंजिनिअर माणूस. वाकून खाटेची जाळी तपासली. धड होती. गादीवर हात ठेवला. ती उबदार होती.

"चल घरी."

"याची खाट आवरल्याशिवाय कसा येऊ, बाबा?"

दंड धरून ओढलं, तर त्यानं खाटेच्या दांडीला मिठी मारली. आई गेली तेव्हाही तो असा रडला नव्हता. चॅपेलमध्ये कधी मनापासून टेकले नव्हते, ते गुडघे मी त्या गादीपुढे टेकले.

"ऊठ रे बाळा," मी म्हणालो. "आम्हाला जाऊ दे. हवं तर तूही चल."

गादी वर आली.

मी चादर ताणली. ती तशीच राहिली. पोरगा डोळे पुसून निमूट जिना उतरला. माझ्या जिवात जीव आला.

घरी निजायला आमची एकच खोली. तो भिंतीकडे निजला, मी दाराकडे, मध्ये चालण्यापुरती जागा. सकाळी चहाचं आधण ठेवून आलो, तर माझी खाट आवरलेली. कोपरे बोर्डिंगच्या घडीचे.

"शहाणा झालास की."

"ती मी नाही आवरली."

तो मधल्या उघड्या फरशीवर वाकून दोन्ही हातांनी काहीतरी ताणत होता.

"माझ्या उजवीकडे तो आहे. त्याच्या उजवीकडे तुम्ही."

हात झटकून तो दाराशी जाऊन उभा राहिला. त्याचं स्वतःचं अंथरूण तसंच विस्कटलेलं होतं. रांगेत शेवटचा मी होतो.

"लवकर आवरा, बाबा," तो म्हणाला. "आम्ही थांबलोय."