ह्यांची हरकत नाही

दुपारची शाळा भरली की वसतिगृह एकदम ओस पडायचं. चाळीस पोरांचा कालवा शाळेकडे निघून जायचा आणि मागे उरायचे रेक्टर, आचारी आणि कोणी तापाने पडलं असेल तर तो. त्या दिवशी रेक्टर दुधाचा पेला आणि थर्मामीटर घेऊन आजाऱ्यांच्या खोलीत गेले. यंदाच नवीन आलेला एक मुलगा कालपासून तापला होता. जाड भिंगाच्या चष्म्यापायी सगळे त्याला ढापण्या म्हणायचे.

"नको सर," तो डोळे न उघडताच म्हणाला. "आत्ताच पाणी प्यायलो. काकूंनी पाजलं."

"कोण काकू?"

"त्याच... पट्ट्या ठेवतात त्या. मला ठोंब्या म्हणतात."

रेक्टरांनी पेला खाली ठेवला. आजारी पोराला ठोंब्या म्हणणारी या आवारात एकच बाई होऊन गेली होती. रेक्टरांची बायको. पंधरा वर्षं तिने याच खाटांशी बसून परक्यांच्या पोरांची दुखणी काढली. स्वतःचं मूल झालं नाही, त्याबद्दल ती कधी चकार शब्द बोलली नाही. फक्त सुट्टीला पोरं घरी निघाली की दोन दिवस तिच्या घशाखाली घास उतरायचा नाही. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती.

ढापण्याच्या कपाळावरची पट्टी ओली होती. उशाच्या वाटीतलं पाणी अजून हलत होतं.

रेक्टर शेजारच्या खाटेवर बसून राहिले. शाळा सुटली, पोरं परतली, दिवे लागले. कोणी आलं नाही.

मग त्यांना नादच लागला. कोणी नुसतं शिंकलं तरी त्याची रवानगी त्या खोलीत व्हायची, आणि दुसऱ्या दिवशी सर त्याला बाजूला घेऊन हळूच विचारायचे, "आली होती?"

"हो सर."

"कशी दिसत होती?"

"दमल्यासारख्या."

"माझं काही... विचारलं?"

पोरगं नुसती मान हलवायचं. नाही.

एकदा तर रेक्टरांनी स्वतःच भर थंडीत ओल्या कपड्यांनी गच्चीवर बसून ताप चढवून घेतला आणि तीन दिवस त्या खाटेवर पडून राहिले. पट्ट्या ठेवायला आला तो आचारी. "सर, या वयात हे काय खूळ?" असं म्हणत त्याने त्यांच्या कपाळावर फडकं ठेवलं. ते जाड, खरबरीत बोटं असलेले हात लागताच रेक्टरांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

त्या थंडीतच ढापण्या पुन्हा आजारी पडला. या वेळी अंग नुसतं भाजत होतं.

"डॉक्टरांना बोलावून आणतो," आचारी म्हणाला.

"संध्याकाळपर्यंत बघू."

आपण काय करतोय ते रेक्टरांना पुरतं ठाऊक होतं. डॉक्टर आले की इंजेक्शन देणार, ताप उतरणार आणि ती निघून जाणार. ते दाराबाहेर, फळीला कान लावून उभे राहिले. आत कोणीतरी फडकं पिळत होतं. वाटीत थेंब पडत होते. टप... टप... ओल्या सुती कापडाचा वास फटीतून बाहेर येत होता. त्यांनी दारावर कपाळ टेकलं.

"एकदा बाहेर ये ना गं," ते पुटपुटले. "नुसती दिसून जा."

थेंब थांबले. त्यांनी दार ढकललं. आत एकटा ढापण्या होता. चष्म्याशिवायचे त्याचे डोळे तापाने चकाकत होते.

"सर... काकू म्हणतात, चल आमच्याकडे."

"कुठे?"

"घरी. म्हणाल्या, ह्यांची काही हरकत नाही. ह्यांनी डॉक्टरांना बोलावलं नाहीये ना... म्हणजे ह्यांनी तुला मला देऊन टाकलंय."

रेक्टर अनवाणीच डॉक्टरांकडे धावत सुटले.

पोरगं वाचलं. चौथ्या दिवशी त्याचे वडील त्याला न्यायला आले, रेक्टरांचे दोन्ही हात धरून म्हणाले, "सर, तुम्ही होतात म्हणून." रेक्टरांना मान वर करवेना. त्याच संध्याकाळी त्यांनी आजारी पोरांची सोय शाळेजवळ हलवली, नर्स ठेवली आणि जुन्या खोलीला स्वतःच्या हाताने कुलूप घातलं. कुलपावरचा हात बराच वेळ निघेना. "चुकलं माझं," ते दाराला म्हणाले. ढापण्याची माफी मागत होते की तिची, त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

वर्षभर कोणत्याच पोराच्या तोंडून काकूंचं नाव निघालं नाही. रेक्टरांना त्याचं हायसं वाटायचं, आणि जेवताना समोरची खुर्ची बघवायची नाही.

मग एके दिवशी, खेळाच्या तासाला ते पालकांना पत्रं लिहीत बसले असताना, सगळ्यांत धाकटा पोरगा धापा टाकत दारात आला.

"सर, काकू बोलावतायत."

रेक्टर इतक्या झटक्यात उठले की खुर्ची कलंडली. हात आपोआप कॉलरकडे गेला, ती सारखी करायला. "मला?"

"नाही सर, मला. फाटकापाशी उभ्या आहेत. म्हणाल्या, आधी सरांना विचारून ये. जाऊ का?"

खिडकीतून फाटक दिसत होतं. तिथे नुसतं ऊन होतं. तरी रेक्टर बघत राहिले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग त्यांनी पोराच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ गार होतं. तापाचं नाव नव्हतं.

"नाही," ते म्हणाले, आणि त्याचं मनगट घट्ट धरलं.

तेव्हा कुठे त्यांचं लक्ष गेलं. मैदानावरून आलेलं पोरगं गुडघ्यापर्यंत मातीने माखलं होतं. केस मात्र ओले होते, आणि कोणीतरी नुकताच त्यांचा नीट, सरळ भांग पाडला होता.