बाबारावची फुंकर

भुताला मी बापजन्मात भ्यालो नाही. आता एकही भेटलं नाही ही गोष्ट वेगळी, अन् मांजर आडवं गेलं तरी मी सायकलवरून उतरतो.

पण माझ्या जावयाला, अंबादासला भेटलं. गच्चीवर लाइट गेलेली, समोर त्याची पोरगी हर्षा अन् तिच्या कॉलेजच्या मैत्रिणी. म्हटलं, "चलो, ऐका. मधात कोणी खोकललं तर पुढचं सांगणार नाही."

मागच्या वर्षी, चौदा मे, बुधवार.

सिहोरा रोडवर गॅसवर वीज करायचा लहानसा कारखाना आहे. दिवसभर झोपतो. संध्याकाळी अख्ख्या शहराचे एसी लागले की चार घंटे धडधडतो. धुरात विष किती ते मोजायला चिमणीत एक नळी घातलेली, आकडे खालच्या खोलीत मशीनवर. मी आठवी नापास, मला हे अंबादासनंच समजावलं. तो त्या मशीनवर ठेक्यावर होता.

त्याच्या आधी बाबाराव. ड्युटीवर आला की शिडी चढायचा, नळी काढून तोंडाशी धरायचा अन् तीन फुंकरा मारायचा. खाली ऑक्सिजनचा आकडा मोकळ्या हवेच्या एकवीसवरून सोळावर पडला की मशीन ठीक. बारा वर्षं हेच केलं. मग दिवाळीत खोकून खोकून गेला.

त्या रात्री माझ्या लेकीनं, लतानं नवऱ्याला डबा धाडला. कोणी नेला, ते सोडा. अंबादासनं डबा उघडलाच नाही. दोन दिवस धुरातलं विष हद्दीच्या वर जाऊन राहिलं होतं अन् सकाळी तपासणीवाले येणार होते. साहेब म्हणाला होता, "आकडा ठीक दिसला पाहिजे भैया, नाही तर उद्यापासून घरी." म्हणून अंबादासनं नळी चिमणीतून काढली अन् कठड्याला लटकवली, मोकळ्या हवेत. आकडा एकदम साफ, नर्मदेवरच्या ग्वारीघाटच्या पहाटेसारखा. पलीकडच्या वस्तीत लोक खिडक्या लावून खोकत होते. त्याच वस्तीत त्याचं घर.

साडेदहाला कारखाना बंद झाला. धडधड थांबली.

अकरा वाजून दहा मिनिटं. मशीनवर ऑक्सिजन एकवीस.

सोळा.

एकवीस... सोळा...

एकवीस...

सोळा.

वर कोणीतरी खोकललं.

अंबादास हलला नाही. दाराला कडी. हात कडीवर. रात्रभर...

उजाडल्यावर चढला. नळी परत चिमणीत. नट घट्ट आवळलेला. नळीवर खर्ऱ्याचा, तंबाखू-सुपारीचा लाल डाग... अजून ओला. अंबादास सुपारीलाही शिवत नाही. खर्रा बाबाराव खायचा.

त्यानं नळी पुन्हा काढली नाही. तपासणीवाल्यांनी कारखाना चालवून पाहिला, खरा आकडा निघाला. दुरुस्तीपर्यंत कारखाना बंद. अंबादास घरी.

पोरी सरकून जवळ आल्या. एकीनं दुसरीचा हात धरलेला. मी खूश.

हर्षा म्हणाली, "पप्पा आठ महिने घरी बसले, आजोबा. डबा तुम्हीच नेला होता ना? अन् खर्रा तर तुम्ही बी खाता."