वेळापत्रकाला काय हवंय?

डोंबिवलीच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात नवं वेळापत्रक लागलं, त्या सोमवारी मी अकरावीच्या वर्गात शिरले तर एक उंच माणूस आधीच फळ्यावर लिहीत होता.

"हा माझा तास आहे," मी म्हटलं.

"माझाही," तो खजील होऊन म्हणाला. "आणि वेळापत्रक मीच केलंय... सॉरी, मॅडम."

मुलं खिदळली. मी चिडले होते, पण त्याचे लाल झालेले कान पाहिले आणि राग कुठल्या कुठे गेला.

तो सुश्रुत, कॉम्प्युटरचा नवा शिक्षक. मधल्या सुट्टीत त्यानं चहा पाजत समजावलं – प्रोग्राम आधी कशीही शेकडो वेळापत्रकं बनवतो. वाईट मरतात. चांगल्यांची लग्नं लागतात, त्यांना मुलं होतात. मधूनच एखाद्यात उगाच बदल करायचा, नाहीतर बऱ्यापैकी काही सापडलं की सगळी तिथंच अडकून बसतात.

"हे माझ्या विषयातून चोरलंय," मी म्हटलं. मी जीवशास्त्र शिकवते.

"पन्नास-साठ वर्षांपूर्वीच चोरलंय."

"पण निसर्गाला काही हवं नसतं. तुमच्या प्रोग्रामला काय हवं ते सांगावं लागतं."

मग रोजचा चहा सुरू झाला. तुम्हीचं तू झालं. तो कपावरून चोरून बघायचा, मी खिडकीबाहेर... आणि पुढे काहीच नाही. दिवाळी आली, गेली. पेपर तपासताना मी एकच उत्तर पुन्हा पुन्हा वाचायची. बोलत का नाही हा?

अशात ठाण्याच्या एका कॉलेजनं बोलावलं. डिग्रीला शिकवायचं, माझं कधीचं स्वप्न. शनिवारपर्यंत कळवायचं होतं. शुक्रवारी कॅन्टीनमध्ये मी त्याला सांगितलं. तो भलतंच बोलू लागला.

"पुढे ना उर्वी, चांगलं कशाला म्हणायचं हेही प्रोग्रामच शोधतील. सांगावं लागणार नाही."

"त्यांचं होईल रे तसं. मला मात्र कुणीतरी सांगायलाच हवं."

त्यानं कप खाली ठेवला.

"अगं, मीच अडकलोय. हा चहा बरा चाललेला... बोललो आणि तोही गेला तर?"

"सुश्रुत."

"तू आवडतेस मला. खूप. पण थांब असं नाही म्हणणार. तू जा ठाण्याला."

माझे डोळे भरून आले. "मलाही तू आवडतोस," मी म्हटलं. "कधीपासून."

"संध्याकाळी मी ठाण्यातच, कोपरीला घरी येतो ना... ठाणे स्टेशनवर थांबशील?"

"आधीच इतका उशीर केलायस. रोज करशील तर नाही थांबणार."

थांबणार होतेच मी. त्यालाही ते कळलं असावं, कारण पहिल्यांदाच त्यानं नजर चोरली नाही.