खळगीत डास नव्हते

अगं, अशी धुराच्या आत सरकून बस. डोळे चुरचुरतील, चुरचुरू देत. बाहेर बसलीस तर तासाभरात तुझी आईसुद्धा तुला ओळखणार नाही. आणि ही चवरी घे हातात. घोड्याच्या शेपटीच्या केसांची आहे, लग्नात सासूबाईंनी दिली मला. आमच्याकडे उन्हाळ्यात नवरा विसरला तर एक वेळ चालतं, चवरी विसरून चालत नाही.

गोष्ट गेल्या उन्हाळ्याची. लग्नाला जेमतेम तीन आठवडे झाले होते. सगळे घोडे रोज शेणाच्या धुराला येऊन उभे राहायचे, पण एक पांढरी घोडी आणि तिचं शिंगरू तीन दिवस फिरकलं नव्हतं. डास शिंगरांच्या नाकपुड्यांत भरतात, श्वास कोंडतो आणि जीव जातो. म्हणून माझा नवरा मीचिल, त्याचे सिलिपकाका आणि मी, असे तिघं उत्तरेच्या दलदलीकडे निघालो. मला कुणी चल म्हटलं नव्हतं. नवा नवरा, दोन दिवस रान, आणि सासूबाई घरी. मी कुन्नेय, अशी संधी सोडते होय?

पण डासांनी माझ्या हौसेचं पार मातेरं केलं. डोक्यावरून गळ्यापर्यंत जाळी, हातात मोजे, तरी शिवणीतून आत यायचे. चहात डास, लोण्याच्या घावनात डास. मीचिल म्हणाला, "खा गं मुकाट्याने. एवढं फुकटचं मटण तुझ्या माहेरी मिळालं होतं का?" मी हसायला तोंड उघडलं तर एक आतच गेला. ती गुणगुण क्षणभरही थांबत नव्हती. आमच्या उत्तरेत उन्हाळ्यात रात्रीही काळोख होत नाही, त्यामुळे एक दिवस कुठे संपला आणि दुसरा कुठे लागला ते कळतच नव्हतं.

मग झाडांच्या मागे ती खळगी लागली. बशीसारखी, तळाशी मऊ हिरवं गवत. मी घोड्यावरून उतरून दोन पावलं खाली गेले आणि गुणगुण थांबली. माझा हात सवयीने चवरी फिरवतच होता, पण समोर एकही डास नव्हता. मी जाळी काढली. कितीतरी दिवसांनी उघड्या गालाला वारा लागला, आणि मला इतका आनंद झाला म्हणून सांगू, नाचायचंच काय ते बाकी होतं.

घोडी तिथेच होती. शिंगरू तिच्या पायाशी आडवं झालं होतं. मीचिल पाठोपाठ धावत आला. काका मात्र काठावरच थांबले. त्यांचा घोडा पुढे पाऊल टाकेना.

"घोडीची शेपटी बघा," ते वरून म्हणाले.

शेपटी सरळ लोंबत होती. जराही हलत नव्हती.

"साठ उन्हाळे पाहिले मी. थांबलेली शेपटी पाहिली नाही. वर या दोघं."

"डासच नाहीत तर ती शेपटी हलवेल कशाला, काका?" मीचिल हसला. "तुम्ही बसा धूर खात. आम्ही जरा माणसांसारखं जेवतो."

आम्ही जेवलो. तो माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडला, मी त्याच्या केसांतून हात फिरवत राहिले. खोटं कशाला बोलू, तेवढं सुख मला आजवर मिळालेलं नाही. गवताखालून गारवा येत होता, आपण तळघरात मांस ठेवतो तिथल्या बर्फासारखा वास येत होता. कधी डोळा लागला ते कळलं नाही.

जाग आली ती काकांच्या हाकेने. त्यांचा आवाज पार बसला होता. "सूनबाई... दोन दिवस झाले... ऊठ गं... माझं पाऊल खाली पडत नाही..."

मला घटकाभर झोप लागल्यासारखं वाटत होतं. मीचिलला हलवलं, तो हलेना. श्वास चालू होता, पण अंग थंडगार. मी त्याच्या काखेत हात घालून त्याला फरफटत वर ओढलं. घोडी आमच्याकडे बघत उभी होती.

काठावर आले आणि डासांचा ढगच अंगावर कोसळला. मान, मनगटं, पापण्या, कुठे म्हणून सोडलं नाही. मीचिलच्या उघड्या चेहऱ्यावर मात्र एकही बसला नाही.

काकांनी ते पाहिलं. उठून त्यांनी काठावर पेटवून ठेवलेल्या धुरावर चहाचं पाणी ओतलं.

"धूर का विझवता?" मी म्हणाले.

"त्याचा सदरा काढ. एक डास चावू दे, फक्त एक. डासाला जितं रक्त कळतं. चावला तर पोरगा आपला."

"आणि नाही चावला तर..."

"तर त्याला पुन्हा खाली ठेवायचं... आणि मागे न बघता निघायचं. माझ्या थोरल्या भावाला वडिलांनी अशाच एका खळगीत ठेवलं होतं, मी तिथे नव्हतो."

आम्ही त्याच्या दोन बाजूंना बसलो. काकांचे हात डासांनी काळे झाले होते, माझ्या अंगाची चाळण झाली होती. मधे मीचिलची उघडी छाती, स्वच्छ. ज्यांना जन्मभर शिव्या दिल्या त्यांनाच मी रडत रडत विनवत होते, या रे, एकदा तरी बसा.

आणि एक आला. मीचिलच्या दंडावर बसला, सोंड टेकवली. काकांनी श्वास रोखला. मीही रोखला.

आणि माझा हात उठला. फट्ट.

मी ठरवून नाही मारला गं. जन्माची सवय. डास दिसला की हात पडतो, तसा पडला. तळहात उलटून पाहिला तर रक्ताचा ठिपका होता. तेवढ्यात मीचिलने डोळे उघडले. म्हणाला, "मारतेस कशाला?"

मी त्याला मिठी मारून ओक्साबोक्शी रडले. काका माझ्या तळहाताकडेच बघत होते. "त्याचंच असेल रक्त," ते म्हणाले. बऱ्याच वेळाने, घोड्यावर बसल्यावर, हळूच म्हणाले, "तो डास आधी माझ्या हातावर होता."

घोडी आणि शिंगरू तिथेच राहिलं. दोन आठवड्यांत थंडी पडली, डास गेले. आणि हिवाळ्यात कोण कुणाचे चावे मोजतं? मीचिल जेवतो, थट्टा करतो, मला जपतो. हात जरा गार असतात, पण इथे कुणाचे नसतात? यंदा जाळीशिवाय गवत कापतो. तो बघ, तिकडे, उघड्या डोक्याने. लोक म्हणतात नशीबवान आहे. मी त्याला सांगून ठेवलंय, चारचौघांत चवरी फिरवत जा. फिरवतो बिचारा.

मीही मनाची समजूत घातली होती. त्यात सहावा महिना लागला, बाळ लाथा मारायला लागलं, मी तर हवेतच होते.

काल तळ्यावर आंघोळीला उतरले. कपडे काढायचा अवकाश, पाठ, दंड, मांड्या डासांनी काळ्या झाल्या. चवरी उगारली आणि सहज खाली पाहिलं. पोटावर एकही नव्हता.

मी चवरी काठावर टाकली आणि गुडघाभर पाण्यात तशीच उभी राहिले, वाट बघत.