बाबांचं रीळ

आमच्या सार्वजनिक वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर इतिहास विभाग आहे. तिथे येणारे निम्मे लोक महायुद्धावरची जाडजूड पुस्तकं मागतात आणि थोड्या वेळानं जुन्या नकाशात आपलीच गल्ली शोधत बसतात. माझं काम बाजूच्या छोट्या खोलीत चालतं. फार पूर्वी एका ग्रंथपालांनी बंदरातल्या आणि बोटींवरच्या कामगारांच्या युद्धकाळातल्या आठवणी टेपवर घेऊन ठेवल्या होत्या. ती रिळं चालवायची आणि संगणकावर उतरवायची.

तशाच एका रिळात मला बाबा सापडले.

मी पाळण्यात होतो तेव्हा ते बोटीवर गेले आणि बोट परत आली नाही. त्यांचा आवाज मला ठाऊकच नव्हता. ग्रंथपालांनी नाव विचारलं, उत्तर आलं आणि माझा हात बटणावरच राहिला. बाबा बोटीच्या भट्टीत कोळसा टाकायचे. समुद्रावर पसरलेलं, पेटलेलं तेल त्यांनी पाहिलं होतं, त्यात पोहणारी माणसंही. सांगत मात्र असे होते, जणू नळाला पाणी कधी येतं ते सांगताहेत. "मग आम्ही बंदरात शिरलो," इथे रीळ संपत होतं.

मी आईला घेऊन आलो. हेडफोन कानाला लावून तिनं रीळ शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "घरी तोंडाला कुलूप, आणि इथे बघ कसे बोलताहेत!"

त्यानंतर ती रोज दुपारी यायला लागली. एकदा जिना उतरताना ती सहज म्हणाली, "आज तुझी चौकशी केली. दात सरळ आले का म्हणाले."

"कोण?"

"कोण म्हणजे? तुझे बाबा."

"आई, ती मुलाखत माझ्या जन्माआधीची आहे."

"असेल."

वर जाऊन मी रीळ पुन्हा लावलं. बंदरापर्यंत तेच शब्द, पुढे काही नाही. वय झालंय तिचं, अशी मी स्वतःची समजूत घातली.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या शेजारीच बसलो. रीळ संपलं. टेपचं सुटलेलं टोक फिरत्या चाकाबरोबर फटफटत राहिलं. मी यंत्र बंद करायला गेलो, तर आईनं माझं मनगट धरलं.

"त्या दिवशी मी मुद्दाम आले नाही हो धक्क्यावर," ती म्हणाली. माझ्याशी नव्हे. "भांडणाचा राग होता. तुम्ही बोटीच्या कठड्याशी उभे होतात ना? माझी वाट बघत होतात?"

मी दुसरा हेडफोन लावला. काहीच नव्हतं. आवाज दाखवणारी सुई निपचित पडली होती.

आई मात्र ऐकत होती.

"काय म्हणाले?" मी विचारून गेलो.

"नव्हतो म्हणाले." तिनं सावकाश हेडफोन काढला. "बोट सुटली तेव्हा ते खाली भट्टीपाशी होते. वर आलेच नाहीत." मग हसल्यासारखं करून म्हणाली, "जन्मभर मी त्यांना कठड्याशी उभं ठेवलं रे."

मी तिच्या हातून हेडफोन घेतला. तो ओला होता. रडली असेल, असं वाटलं. पण टेबलावर ठेवला तरी त्यातून पाणी ठिबकत राहिलं, आणि त्या पाण्यात कोळशाची बारीक पूड होती.

त्यानंतर ती वाचनालयात आली नाही. मी रोज रीळ लावायचो, संपल्यावरही चाक फिरू द्यायचो. मला कधीच काही ऐकू आलं नाही.

शेवटी एका सकाळी तिच्याकडे गेलो. ती स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती.

"आता का येत नाहीस?"

"आता तिथवर कशाला यायचं?"

मी तिच्यासमोर बसलो. "आई, मलाही त्यांना काही विचारायचंय."

"विचार की."

एवढी वर्षं गेली, आणि विचारायला एकच गोष्ट सुचली. "बाबा, मी आठवतो का तुम्हाला?"

आई मान कलती करून थांबली. शेंग हातातच राहिली. मग माझ्याकडे बघत हलकेच म्हणाली,

"जरा मोठ्यानं बोल. खाली यंत्रांचा आवाज फार आहे म्हणतात."